ऊन चढायच्या आत

लहानू मौले सहा फूट उंच होता. नाव ठेवणाऱ्या आत्याला दोष देण्यात अर्थ नाही, बारशाच्या दिवशी तो पाळण्यात मावत होता. पुढे त्याने एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर चौतीस वर्षं काढली. तिथे यंत्रांच्या धडधडाटावर मात करून बोलावं लागे. निवृत्त होऊन तो इंदिरानगरात राहायला आला, पण आवाज काही त्याच्याबरोबर निवृत्त झाला नाही. भाजीवालीला तो हळूच विचारी, "मावशी, वांगी किडकी नाय ना?" आणि समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येत. त्याला खोकलाही होता. कोळशाचा खोकला म्हणून तो कौतुकाने सांगे. त्यातला निम्मा विड्यांचा होता, पण विड्यांची पेन्शन मिळत नाही.

घराणं माळ्याचं. नाशिकच्या कडेला भाजी नि फुलं पिकवायची आणि पहाटे बाजारात न्यायची, असं सात पिढ्यांचं काम. त्यातून निसटलेला पहिला माणूस म्हणजे लहानू. मातीत हात घालायचा नाही, एवढ्या एकाच बाबतीत तो आयुष्यभर ठाम राहिला. बाकी सगळ्या बाबतींत बायकोचं ऐकत असे, असं तो सांगायचा. बायको त्यावर काही बोलायची नाही.

बायको नवसाबाई मखमलाबादची. वडिलांचा झेंडूचा मळा, मध्ये बिजलीच्या फुलांचे वाफे आणि कडेने गलांडा. पाच वर्षांची असल्यापासून ती दिवस उगवायच्या आधी फुलं खुडायला उभी. त्या घरात एक रीत होती. खुडलेलं पहिलं फूल बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला वाहायचं, मग दुसरं पाटीत टाकायचं. बाजाराची गाडी निघून गेली तरी चालेल, पण दगडाचं फूल चुकवायचं नाही. लग्न ठरलं तेव्हा वडील सगळ्यांना सांगत होते, "जावई परमनंट हाये. पोरगी चिखलातून सुटली." सगळे खूश झाले. पोरीला चिखलातून सुटायचं होतं का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

एकलहऱ्याच्या वसाहतीत खोली मिळायची वेळ आली, तेव्हा तळमजल्यावरची एक रिकामी होती. मागे दोन खाटा मावतील एवढी माती. नवसाबाई म्हणाली, "अहो, खालचीच घ्या ना. चार रोपं लावीन."

"खाली साप निघतात," लहानू म्हणाला, आणि त्याने दुसऱ्या मजल्यावरची घेतली.

दहा वर्षांनी मोठी खोली मिळाली. पुन्हा खालची होती, पुन्हा तिने विचारलं. "खाली ओल येती," तो म्हणाला. निवृत्तीनंतर इंदिरानगरात फ्लॅट बघितला, तेव्हा तळमजल्याला चक्क तीन हात रुंद पट्टी होती, जास्वंदीसकट. या वेळी तिने विचारलं नाही, नुसती जास्वंदीजवळ उभी राहिली. लहानूने तिसऱ्या मजल्यावरचा घेतला. "हवा बघ काय भारी येती!" हवा खरंच भारी येत होती. नवसाबाईने रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली आणि तो डबा गॅलरीत ठेवला. चहा मागितला की ती तिथूनच हात पुसत उठून यायची आणि कपाच्या कानाला थोडी माती लागलेली असायची. लहानू ती अंगठ्याने पुसून टाकी.

दोन वर्षांपूर्वी चहात मीठ आलं. लहानू हसला, सून भाग्यश्री हसली, नवसाबाईही हसली. आठ दिवसांनी पुन्हा आलं, तेव्हा लहानू न बोलता प्यायला. मग नावं जाऊ लागली. आधी भाग्यश्रीचं गेलं, ती बिचारी बँकेतून आल्यावर रोज नव्याने ओळख करून देई. मग मुलाचं, जीवनचं गेलं. आणि एका संध्याकाळी नवसाबाई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी राहिली आणि लहानूला म्हणाली, "तुम्ही कोण हो? घरात कसे शिरले? आमच्या मालकांना बोलावते."

"अगं, मीच," लहानू म्हणाला. आवाज अर्थात एकलहऱ्याचा. ती किंचाळली.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा परतीचा रस्ता नाही, हे शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. पण लहानूचं दुखणं वेगळंच होतं. जीवनला ती नुसती विसरली होती, लहानूला मात्र घाबरायची. एवढा उंच परका बाप्या घरात फिरतो म्हटल्यावर कोणती बाई घाबरणार नाही? त्याच्या हातचं ती पाणी पीत नसे. दिवेलागण झाली की दाराआड उभी राही. शेवटी लहानू घरात वाकून चालू लागला. खुर्चीऐवजी जमिनीवर बसे, खोकला आला तर तोंडात उपरणं कोंबे. सत्तरी उलटल्यावर तो पहिल्यांदा नावाप्रमाणे वागू लागला.

"बाबा, तुम्ही जरा गॅलरीत बसता का? आई जेवून घेतील," भाग्यश्री म्हणे. म्हणताना तिचा चेहरा पडलेला असे, पण म्हणावं लागे. लहानू गॅलरीत तुळशीच्या डब्याशेजारी बसे. हवा भारी येत असे.

*

आणि एका सकाळी नवसाबाई घरातच नव्हती. दाराची कडी काढलेली, चपला जागेवर. जीवन स्कूटर घेऊन एकीकडे गेला, भाग्यश्री दुसरीकडे. लहानू पायऱ्या उतरून कॉलनीच्या बागेकडे धावला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून, आणि तिथून शिट्टी ऐकू येत होती म्हणून.

ही बाग म्हणजे दीड एकराचा तुकडा. मध्ये हिरवळ, भोवती पायवाट, चार वाफे आणि एक कडुनिंब, ज्याच्याखाली बसून मंडळी देश चालवत. फाटकाबाहेर कारल्याचा रस मिळे आणि तो पिऊन झाल्यावर तोंडाची चव घालवायला शेजारी भजी मिळत. सकाळी आत सगळे प्रकार सापडत. गुडघे सुधारावेत म्हणून उलटे चालणारे एक निवृत्त मास्तर रोज एकदा तरी बाकावर आदळत. टाळ्या वाजवत हसणारं मंडळ होतं, त्यातल्या दोघांचं आपसांत बोलणं बंद होतं, पण हसणं चालू होतं. आणि पुण्यवान लोक होते. खिशात प्लास्टिकची पिशवी बाळगायची, 'फुले तोडू नका' या पाटीकडे पाठ करायची आणि देवासाठी महापालिकेची तगर तोडायची. देवाच्या नावावर केलेली चोरी चोरी नसते, असं त्यांचं मत होतं आणि देवाने अजून हरकत घेतली नव्हती.

त्या सगळ्यांवर राज्य सरुबाईचं. ती देवळाली कॅम्पहून पहिल्या बसने येई, फाटक उघडी, झाडलोट करी, पाणी घाली. लष्कराच्या कॅम्पात वाढल्यामुळे शिट्टी अशी वाजवायची की फिरणारे आपोआप एका रांगेत येत.

लहानू आत शिरला तेव्हा ती शिट्टी नवसाबाईवर वाजत होती. नवसाबाई झेंडूच्या वाफ्यात अनवाणी उभी होती, पदराचा ओचा करून. सबंध वाफा खुडून झाला होता. हातांचा वेग असा, की सत्तरीची बाई आहे यावर विश्वास बसू नये. भोवती पुण्यवान लोक जमले होते आणि तेच सगळ्यांत जास्त संतापले होते. त्यांच्यासाठी एकही फूल उरलं नव्हतं.

"ही सार्वजनिक मालमत्ता आहे!" एकजण ओरडला. त्याच्या खिशातून तगर डोकावत होती.

"ओ बाई! निघा बाहेर! शिट्टी ऐकू येईना का?" सरुबाई गरजली.

नवसाबाईने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं लहानूकडे. तो जागच्या जागी थिजला. आता किंचाळेल, या सगळ्यांसमोर, म्हणून त्याने मान खाली घातली, खांदे पाडले.

"काय रे," नवसाबाई म्हणाली, "आत्ता येऊ राह्यला का? ऊन चढायला आलं! गाडी निघून जाईल. आण ती पाटी."

लहानूने मान वर केली. तिच्या डोळ्यांत भीतीचा टिपूसही नव्हता. होता तो फक्त राग. उशिरा येणाऱ्या गड्यावर मळ्याची लेक जशी रागावते, तसा निखळ, निरोगी राग. अठ्ठेचाळीस वर्षं त्याला 'अहो' म्हणणारी बायको त्याला पहिल्यांदा 'अरे' म्हणत होती.  

"आणतो, मालकीणबाई," तो म्हणाला.

पाटी कुठली आणणार? त्याने सरुबाईच्या हातातली कचऱ्याची टोपली घेतली. ती इतकी चकित झाली की शिट्टी तोंडातच राहिली. नवसाबाईने ओचा टोपलीत रिता केला, शेवटचं एक फूल मुठीत राखलं आणि ती फाटकाकडे गेली. फाटकाच्या आत बागेच्या उद्घाटनाचा दगड होता. हातभर उंच, काळा, वर नगरसेवकाचं नाव. नवसाबाईने तो बांधावरचा दगड समजून त्यापुढे फूल ठेवलं आणि हात जोडले. "आज उशीर झाला रे देवा," ती म्हणाली, "गडी नवा हाये."

सरुबाईने लहानूला बाजूला घेतलं. "कोण हो ह्या?"

"बायको माझी," लहानू हळू म्हणाला, म्हणजे सगळ्या बागेला सांगितलं. "तिला मी ओळखू येत नाय. घरात घाबरती मला. आज पहिल्यांदा..." हसणाऱ्या मंडळाने हसणं थांबवलं.

सरुबाईने खुडलेल्या वाफ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्यापासून सुकली फुलं खुडायला लावा. नुसती सुकलीच. झाडालाबी बरं. आणि दादा, टोपली घरून आणा. ती माझी हाये."

*

अशी लहानू मौल्याला एक्काहत्तराव्या वर्षी नोकरी लागली. पहाटे उठून तो पाटी घेई, नवसाबाईच्या दोन पावलं मागे चाले आणि बागेत तिच्या हाताखाली राबे. ज्या मातीला आयुष्यभर शिवला नाही, तीत गुडघे टेकून बसे. कामात मात्र शून्य. सुकलेल्या फुलाऐवजी कळी तोडली की मनगटावर फटका बसे.

"हात हाये का फावडं? दोन बोटांनी धर. मानेखाली. नखानं. पिळू नको, तो काय कोंबडीचा गळा हाये का?"

"नाय, मालकीणबाई."

"आधी कुठं होता कामाला?"

"एकलहऱ्याला. कोळशावर."

"तरीच."

एकदा सरुबाईला ऐकू येईल असं ती म्हणाली, "गडी दिसायला घोड्यावानी हाये, पण अक्कल नाय. पर उलटं बोलत नाय, म्हणून ठिवला." लहानूने ही तारीफ घरी तीन वेळा सांगितली.

सुकलेली फुलं वेळच्या वेळी निघाल्यामुळे चारी वाफे असे फुलले की पुण्यवान लोकांनाही पुरून उरले. नवसाबाई रोज अडीच तास उन्हात-सावलीत चालायची, वाकायची, उठायची, रागवायची. घरी येऊन दीड भाकरी खायची. दुपारी पाठ टेकली की झोप लागायची आणि संध्याकाळी ती दाराआड जाईनाशी झाली. लहानूचाही खोकला निम्म्यावर आला. विड्यांचा निम्मा की कोळशाचा, ते कळायला मार्ग नव्हता. मालकीणबाई कामावर विडी ओढू देत नसत, एवढं खरं.

"गोळ्या तर त्याच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन वाढलंय, झोप लागतेय. काय बदललंत?"

"नोकरी लागली," लहानू म्हणाला.

"कोणाला?"

"मला. हिच्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चिठ्ठीवर गोळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत लिहिलं, 'रोज सकाळी बाग.' आणि त्याखाली रेघ मारली.

घरीसुद्धा आता तो गडीच होता. "गड्याला वाढ गं पोरी, सकाळपासून राबलाय," नवसाबाई सुनेला सांगे, आणि लहानू स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसून जेवे. जीवनला ते बघवेना.

"बाबा, वर बसा ना. आपल्याच घरात असं..."

"गप रे," लहानू भाकरी मोडत म्हणाला, "नोकरी घालवतो का माझी?"

फक्त कधी कधी, कामाच्या भरात, ती त्याच्याकडे रोखून बघत राही. बोलायला तोंड उघडी. लहानू श्वास रोखून थांबे. आणि ती म्हणे, "तिकडचा वाफा राह्यला."

*

या सुखाला दृष्ट लागली ती भक्तीमुळे. फूल रोज त्या काळ्या दगडाला वाहिलं जात होतं. नवसाबाईने पुढे हळदही आणली, मग कुंकू. तिचं बघून आणखी दोघी-तिघी वाहू लागल्या. त्या का वाहतात, हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण चार जणी वाहतात म्हटल्यावर काहीतरी असणारच. दगडावरचं नाव होतं माजी नगरसेवक महेशभाऊंचं. ते एका सकाळी सहज बागेत आले आणि स्वतःच्या नावाला हळद-कुंकू नि झेंडूची फुलं पाहून पांढरेफटक पडले.

"हे कोणी केलं? मी जिवंत आहे अजून!"

लहानू माती झटकत उठला आणि त्याने सगळं सांगितलं. महेशभाऊ मनाने वाईट नव्हते. निवडणूक जवळ होती, हेही खरं, पण डोळ्यांत पाणी आलं ते खरंच आलं. त्यांनी नवसाबाईच्या पाया पडून विचारलं, "मावशी, तुम्हाला काय पाहिजे सांगा."

"तू बाजूला हो," नवसाबाई म्हणाली, "सावली पडू राह्यली रोपावर."

महेशभाऊ बाजूला झाले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी सर्वांसमोर जाहीर केलं, "या माउलीसाठी आपण बागेचं सोनं करू!" आणि ते केलं. कोणीकोणी त्याला निधी म्हणालं, कोणी सुशोभीकरण. जानेवारीत एका सकाळी लहानू पाटी घेऊन गेला, तर बागेला चहूबाजूंनी निळे पत्रे. आतून माती उपसण्याचा आवाज. बाहेर फलकावर चित्र होतं, सगळीकडे गुलाबी-करड्या फरशा, प्लास्टिकची हिरवळ, फायबरची दोन हरणं, आणि एक आजी बाकावर हसत बसलेली. आजीच्या पायाखालीही फरशी होती.

नवसाबाईने पत्र्याला हात लावला. मग पत्र्याच्या कडेने चालत गेली, कोपरा वळली, पुन्हा चालत आली.

"शेत कुठं गेलं?"

"काम चाललंय, मालकीणबाई. महिन्याभरात..."

"इकलं का कोणी?" तिने त्याच्याकडे वळून विचारलं. "तू इकलं?"

लहानूला आठवला तो वसाहतीतला मागचा दोन खाटांएवढा तुकडा. त्याने पाटी दुसऱ्या हातात घेतली.

महिन्याचे तीन झाले. लहानू महेशभाऊंकडे पाच वेळा गेला. दर वेळी चहा मिळाला. "दादा, माउलीसाठीच तर चाललंय!" ते म्हणत, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. रागवायचं तरी कोणावर? लहानूने दूरच्या एका बागेत तिला रिक्षाने नेऊन पाहिलं. तिथे गर्दी नि गाणी. ती त्याच्या बाहीला धरून उभी राहिली आणि मग बाही कोणाची हे पाहून तिने हात झटकून काढला. त्याने मोठा टब आणून, तीन मजले माती वाहून, गॅलरीत झेंडू लावला. वर पोचेपर्यंत दम लागला होता, खोकला परत आला होता. ती टबाकडे बघून म्हणाली, "भांड्यात का शेत असतं?" आणि आत निघून गेली.

संध्याकाळी ती पुन्हा दाराआड उभी राहू लागली. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. झोप उडाली. एक दिवस लहानू तिच्यासाठी पाणी घेऊन गेला तेव्हा ती भिंतीला चिकटली आणि लहान मुलीसारखी रडत म्हणाली, "मारू नका. मी काही नाय केलं." त्याने एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्यावर हात उगारला नव्हता. पेला खाली ठेवून तो गॅलरीत गेला, टबाशेजारी बसला. नोकरी गेली होती. आता तो पुन्हा परका बाप्या होता.

मार्चअखेर ती अंथरुणाला खिळली.

*

एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी सरुबाईचा फोन आला. "दादा, आज कामगार नाय आले, त्यांची कसली तरी सुट्टी हाये. मी पत्रा सरकवून ठिवते. वहिनीला आणा."

"तिला चालवत नाय आता."

"मग उचलून आणा. सहा फूट कशाला दिलेत देवानं?"

जीवनने आणि लहानूने तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. सरुबाईने पत्र्याची फट उघडली. आत सगळीकडे फरशी पडली होती. हरणं आली होती, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. वाफे दिसत नव्हते. पण फाटकाजवळ, त्या काळ्या दगडाभोवती, खाटेएवढी जागा तशीच राहिली होती, उघडी, तपकिरी.

"हे कसं काय?" लहानूने विचारलं.

"कामगार बाहेरगावचे," सरुबाई म्हणाली. "दगडाला हळद-कुंकू बघितलं नि हातच लावीनात. म्हसोबाची जागा हाये म्हणतात. कंत्राटदार बोंबलला, मग महेशभाऊंना फोन. निवडणुकीच्या तोंडावर ते कशाला देव हलवतील? राहू द्या म्हणाले." तिने पदराने तोंड पुसलं. "नाव तर त्यांचंच होतं, पण कुंकवाखाली दिसंना. मी काही बोलले नाय."

त्यांनी नवसाबाईला त्या मातीत बसवलं.  मग तिचा हात खाली गेला, बोटं मातीत शिरली, मूठ वळली, सुटली, पुन्हा वळली. जीवन तोंड फिरवून हरणांकडे बघू लागला. लहानू हातभर अंतरावर गुडघ्यांवर बसला, शक्य तितका लहान होऊन.

नवसाबाईने मान वळवून त्याला पाहिलं. लहानू थांबला. ती घाबरली नाही.

"चहा घेतला का रे गड्या?"

"घेतला, मालकीणबाई."

"एकलाच येतो तू रोज," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "बायको हाये का तुला?"

सरुबाईने हातातला झाडू पत्र्याला टेकवला.

"हाये," लहानू म्हणाला.

"चांगली हाये?"

"लय चांगली हाये. मीच..." त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. "तिला मळा पाहिजे होता. मी दिला नाय."

नवसाबाईने यावर नीट विचार केला. मातीतली एक काडी वेचून बाजूला टाकली.

"मग कुठं हाये ती आता?"

"फुलं खुडायला गेलीय."

"मग येईल की," ती त्याची समजूत घालत म्हणाली, "असं तोंड पाडून काय बसतो? ऊन चढायच्या आत येतात खुडणारे."

आणि तिने मातीने भरलेला हात त्याच्या उजव्या हातावर ठेवला आणि दोनदा थोपटला, मालकीण गड्याला थोपटते तसा. ती माती लहानूने पुसली नाही. घरी गेल्यावर भाग्यश्रीने हात धुवायला पाणी दिलं, तर तो म्हणाला, "राहू दे." रात्री जेवलासुद्धा डाव्या हाताने.

त्यानंतर अकरा दिवसांनी नवसाबाई गेली. दुपारी, झोपेत. डोक्याशी भाग्यश्री होती आणि दाराशी लहानू.

*

बागेचं उद्घाटन जूनमध्ये दणक्यात झालं. ग्रॅनाइटचा नवा दगड बसवला, त्यावर नवी नावं. महेशभाऊंनी भाषणात माउलीची आठवण काढली, आवाज भरून आला, तोही खरंच आला. उलटे चालणारे मास्तर आता फायबरच्या हरणावर आदळतात. हसणारं मंडळ फरशीवर हसतं आणि उन्हं वर आली की पाय पोळतात म्हणून लवकर हसून घेतं. पुण्यवान लोकांनी मात्र बाग सोडली. प्लास्टिकच्या हिरवळीला फुलं येत नाहीत.

जुना काळा दगड आपल्या जागी आहे. येणारे-जाणारे हात जोडतात. त्याच्याभोवतीच्या खाटेएवढ्या मातीत नवसाबाईने वर्षभर वाहिलेली फुलं सुकून पडली होती, त्यांचं बी तिथेच झडलं होतं. कोणी पेरलं नाही, कोणी सांगितलं नाही, पण श्रावणात तिथे झेंडूची रोपं वर आली. सरुबाई आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना घालते आणि कोणी खिशातली पिशवी काढली तर शिट्टी अशी वाजवते की हसणारेही गप्प होतात.

लहानू रोज पहाटे येतो, पाटी घेऊन. गुडघे टेकून बसतो, सुकलेली फुलं खुडतो. दोन बोटांनी, मानेखाली, नखाने. कळीला हात लागत नाही आता. टवटवीत फुलांतलं एक तोडून दगडावर ठेवतो. मग पाटी शेजारी ठेवून तिथेच बसून राहतो.

परवा कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थाने त्याला विचारलं, "काय आजोबा, कोणाची वाट बघताय?"

"बायकोची," लहानू म्हणाला. "खुडायला गेलीय."

एवढा मोठा आवाज त्याचा, पण हे त्या गृहस्थालाही दुसऱ्यांदा विचारून घ्यावं लागलं.

ऊन आधी पत्र्याच्या जागी आलेल्या नव्या भिंतीवर येतं, मग हरणांच्या शिंगांवर, मग हळूहळू दगडाच्या माथ्यावर. ते खालच्या झेंडूपर्यंत उतरलं की लहानू गुडघ्यावर हात टेकून उठतो. पाटी उचलतो. सरुबाई विचारते, "उद्या येणार ना दादा?"

"येणार की," तो म्हणतो. "कामावर न येऊन कसं चालेल?"